हातावर काही ठेवलं होतं का?

अनुसयामावशी,

तुम्ही गेल्याला आज तेवीस दिवस झाले. तेराव्याला मी तुमच्या घरी आले होते. तुमच्या लेकीनं चहा दिला आणि म्हणाली, "डाक्टरबाई, आई तुमच्याबद्दल लई बोलायची." मी विचारलं, काय बोलायची? ती गोंधळली, मग पदराआड हसली. "म्हणायची, बाई हाताची लई हुशार हाय, पण तोंडाची फटकळ." शेजारच्या चार बायकांनी माझ्याकडं वळून पाहिलं. मी मान खाली घालून चहा संपवला. आयुष्यभर मला तोंडावर बोललात, आता मागंही बोलून गेलात.

पण लिहायला बसले ते त्यासाठी नाही. आज सकाळी पुसेगावच्या गयाआजी आणि त्यांची सून शीतल आपल्या दवाखान्यात आल्या होत्या. हो, त्याच, जिमीवाल्या. ज्यांच्यावरून तुमचं माझं पाच वर्षं भांडण चाललं आणि जे तुम्ही अर्ध्यावर टाकून निघून गेलात. आज काय झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पण सरळ तिथंच यावं म्हटलं तर येता येत नाही, आधी दुसरंच सगळं आठवत राहतं.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा दवाखाना सुरू होऊन चार महिनेही झाले नव्हते. हिंगोलीत कुत्र्यामांजरांचा वेगळा दवाखाना म्हणजे लोकांना गंमत वाटायची. येणारे जाणारे दारातून डोकावून विचारायचे, "म्हशीचं बघत न्हाई का हितं?" तुम्ही वीस वर्षं एका प्रसूतिगृहात आया होतात, ते बंद पडलं म्हणून काम शोधत होतात. मी विचारलं, जनावरांना भ्याल का? तुम्ही म्हणालात, "अडलेल्या बाळंतिणीला भ्याले न्हाई, तितं मांजराचं काय घिऊन बसलात?"

आणि पहिलंच ऑपरेशन मांजरीचं निघालं. तुम्ही तिच्या पोटावर हात ठेवून गंभीरपणे विचारलंत, "कितवा महिना?" मी म्हटलं, महिना नाही मावशी, पिल्लं होऊ नयेत म्हणून करतोय. तुम्ही क्षणभर विचार केलात. "म्हंजी कुटुंबनियोजन! मग हिच्या नवऱ्याची सही घेतली का?" मी हातमोजे घालून उभी होते आणि हसता येत नव्हतं. त्या दिवशी मला वाटलं, ही बाई टिकत नाही. मला माणसं कळत नाहीत, हे तुम्ही नंतर मला पुष्कळदा सांगितलंत.

ऑपरेशन मी करायची, पण जनावर परत आणायचात तुम्ही. भुलीच्या इंजेक्शननंतर त्यांचे डोळे उघडेच राहतात, कोरडे पडू नयेत म्हणून मलम घालावं लागतं. मी मलम घालून मोकळी व्हायची. तुम्ही वर तुमचा तळवा धरायचात, "उघड्या डोळ्याचं झोपलेलं लेकरू बघवत न्हाई" म्हणून. श्वास अडू नये म्हणून जीभ बाहेर काढून ठेवायला एकदाच शिकवलं, परत कधी सांगावं लागलं नाही. आणि पंखा! मे महिन्यात हिंगोलीत अंगाची लाही होत असताना तुम्ही टेबलाजवळचा पंखा बंद करायचात. सलाइनच्या रिकाम्या बाटल्यांत कोमट पाणी भरून, जुन्या लुगड्यात गुंडाळून त्या कुत्र्याच्या पोटाशी लावायचात. भुलीत अंग थंड पडतं, हे मी परभणीला व्हेटरनरीच्या परीक्षेत लिहून आले होते. तुम्ही ते नुकत्या जन्मलेल्या लेकरांच्या पायांना हात लावून शिकला होतात. मी घामानं निथळत ओरडायची, मावशी, मी मरेन. तुम्ही म्हणायचात, "तुमी मरत न्हाई. ह्याचं काय सांगता येत न्हाई."

स्टेथोस्कोप कानाला लावायला तुम्हाला आवडायचं नाही. बरगड्यांवर पंजा ठेवून बसायचात आणि मधेच म्हणायचात, "बाई, ह्याचा दम लांबून राहिला." मी तपासायची, तर खरंच श्वास मंदावलेला असायचा. शुद्धीवर येताना प्रत्येकाला नावानं हाक मारायचात. रस्त्यावरून उचलून आणलेल्या कुत्र्याला नाव नसेल तर तुम्ही आधी ठेवायचात, मगच मला इंजेक्शन देऊ द्यायचात. "हाक मारायची कशी मग? ए कुत्र्या म्हणू?" मांजरींनी टाके चाटू नयेत म्हणून तुम्ही झबली शिवायचात, चार पायांना चार भोकं, पाठीवर नाड्या. जुन्या साडीच्या काठाचं झबलं घालून घरी निघालेली मांजर बघून लोक आधी हसायचे आणि मग फोटो काढायचे.

हे सगळं मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. "बरं केलंत" एवढंच म्हणायची, तेही दुसरीकडं बघत.

आता जिमी.

शीतल लग्न होऊन पुसेगावला आली ती सेनगावच्या माहेरून पांढरी कुत्री संगं घेऊन आली. गयाआजींचा तिळपापड झाला. "सून केली का सर्कस आणली?" असं त्या गावभर म्हणत फिरायच्या. जिमीला उंबऱ्याच्या आत पाय ठेवायची बंदी होती. सासूसुनेचं तसंही विळ्याभोपळ्याचं सख्य, त्यात ही चार पायांची भर. तीन वेळा पिल्लं झाली तेव्हा शीतलनं ऑपरेशन करायचं ठरवलं. मी फोनवर सांगितलं, आदल्या रात्रीपासून काही खायला घालायचं नाही. सकाळी त्या दोघी जीपनं आल्या. गयाआजी काहून आल्या, याचं मला नवल वाटलं होतं. मी शीतलला विचारलं, "काही खाल्लं का हिनं?" ती म्हणाली, "न्हाई म्याडम, पाणी बी न्हाई." ती खरंच बोलत होती.

पहिलं इंजेक्शन दिलं आणि जिमी पेंगता पेंगता ओकली. पांढरं, फुटलेलं. अर्धं बाहेर आलं, अर्धं श्वासाबरोबर आत गेलं. आपण तिला उलटं धरलं, नळीनं ओढून काढलं, तुम्ही तिची छाती दाबत राहिलात, मी इंजेक्शनामागून इंजेक्शन देत राहिले. तुमच्या हातांना कळलं तेव्हा तुम्ही थांबलात. मी त्यानंतरही बराच वेळ थांबले नाही. ऑपरेशनला अजून सुरुवातही झाली नव्हती.

मी तशीच तरातरा बाहेर निघाले होते. कुणी दूध पाजलं, हे मला त्यांच्या तोंडावर विचारायचं होतं. तुम्ही दार अडवलंत. "तुमी थांबा. मी इचारते." तुम्ही गयाआजींना मागच्या लिंबाखाली घेऊन गेलात. परत आलात तेव्हा तुमचा चेहरा उतरला होता. ज्या म्हातारीनं त्या कुत्रीला कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं, तिनं त्या सकाळी सून अंघोळीला गेलेली बघून गुपचूप दही-साखर केली होती. लेकराला परीक्षेला पाठवताना हातावर ठेवतात तशी. आधी बोटभर, मग जिमीनं शेपटी हलवली तशी वाटीच पुढं केली. "आपरेशनला चाललं लेकरू, तोंड कसं गोड करू न्हाई?" असं त्या तुम्हाला म्हणाल्या. पहिल्यांदा त्यांनी जिमीला लेकरू म्हटलं, ते त्या दिवशी.

आणि तुम्ही मला न विचारता बाहेर सांगूनही मोकळ्या झाला होतात की जिमीचं काळीज कमजोर होतं.

मी खवळले. शीतल बाहेर टाहो फोडत होती आणि मी आत दात ओठ खात होते. तुम्ही माझे दोन्ही दंड धरलेत. "बाई, आज सांगाल तर उद्या त्या घरात दोन चुली व्हतील. अन् ती म्हातारी जिती ऱ्हायची न्हाई. कुत्री काय परत येनार हाय?" मी गप्प बसले. तुमच्यामुळं बसले असं मी नेहमी म्हणत आले, पण बसले मीच.

मग व्हायचं ते झालं. शीतलनं पुसेगावापासून सेनगावापर्यंत सांगितलं की डाक्टरीणबाईनं जास्तीची भूल देऊन माझी जिमी मारली. त्या बाजूचं एक जनावर वर्षभर आपल्या दारात आलं नाही. बाजारात बायका मला बघून कुजबुजायच्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी तुम्हाला म्हणायची, मावशी, खोटं ते खोटंच, उद्या ती म्हातारी दुसऱ्या जनावराला दही चाटवेल. तुम्ही म्हणायचात, बघू. एकदा मी फारच बोलले तेव्हा तुम्ही हातातला कापसाचा बोळा खाली ठेवलात आणि शांतपणे म्हणालात, "तुमी इचारलं, काही खाल्लं का. दही-साखर म्हंजी काय खाणं असतं व्हय? त्यो शकुन. अन् इचारलं कुणाला, तर सुनंला. तुमी बराबर इचारलं न्हाई."

मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. पाच वर्षं शिकून आलेली मी, आणि मला विचारायचं कसं ते एक आया शिकवणार! असंच वाटलं होतं मला, आज लपवत नाही.

पण जिमी गेली त्या दिवसापासून तुम्ही दवाखान्याची रीतच बदलून टाकलीत. ऑपरेशनला आलेल्या घरातल्या एकेका माणसाला तुम्ही वेगवेगळं आत न्यायचात आणि विचारायचात, "हातावर काही ठेवलं व्हतं का? शकुनाचं? देवाचं?" काय काय निघायचं! औंढ्याचं तीर्थ, नवसाचा पेढा, मौलानांनी दुआ फुंकून, दम करून दिलेलं पाणी, देवापुढं ठेवलेला दूधभाकरीचा एकच घास. घरातली सून म्हणायची काही नाही, आणि सासू हळूच कबूल व्हायची. बाप म्हणायचा काही नाही, आणि लेक डोळे पुसत खडीसाखर सांगायची. तुम्ही कुणाला कधी रागावला नाहीत. कितीतरी जणांना उद्या या म्हणून परत पाठवलंत. "कपाळाला लावा, तोंडात न्हाई. दह्याची डबी संगं आणा, शुद्धीवर आलं की दुसऱ्या दिशी तुमच्याच हातानं चाटवा." शकुन उशिरा केला म्हणून देव रागावत नाही, हे तुम्ही कुणाच्या भरवशावर सांगायचात कोण जाणे, पण हिंदूंनी ऐकलं आणि मुसलमानांनीही ऐकलं. त्यानंतर आपल्या टेबलावर कुणी तसं गेलं नाही. मला हे दिसत होतं. मी तुम्हाला कबूल केलं नाही.

शेवटचं भांडण तुम्हाला आठवत असेल. तुम्ही पुसेगावला कुणाच्यातरी लग्नाला गेला होतात आणि तिथं शीतलला भेटून आलात. तिच्या नव्या पिल्लाच्या, गोट्याच्या बेंबीत हर्निया होता. "दुसरीकडं नेऊ नको, आपल्याकडंच आण" असं परस्पर तिला पटवून, दिवस ठरवून आलात. मी म्हटलं, त्या घराचं जनावर टेबलावर घ्यायचं असेल तर आधी जिमीचं खरं काय ते मी सांगणार, त्या म्हातारीच्या तोंडावर सांगणार. तुम्ही डबा पिशवीत घालत होतात. म्हणालात, "सांगा. पर आधी इचारा बराबर." मी वैतागून पाठ फिरवली. तुम्ही गेलात. दुसऱ्या दिवशी दुपारी तुमच्या लेकीचा फोन आला.

म्हणजे तुमच्या वाट्याला शेवटी माझी पाठच आली.

आज त्या आल्या. शीतलनं आत येताच विचारलं, "मावशी कुठं हायत?" त्यांना कळलेलं नव्हतं. मी सांगितलं तशी ती बाकावर बसलीच. गयाआजींनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. फार खंगल्यात त्या. गोट्या त्यांच्याच मांडीवर होता.

मी गोट्याला पिंजऱ्यात ठेवलं आणि तुमच्या रीतीप्रमाणं एकेकीला आत बोलावलं. आधी शीतल. ती म्हणाली, न्हाई. मग गयाआजी. त्यांना खुर्ची दिली. खरं सांगते मावशी, मी वाक्य घोकून ठेवलं होतं. पाच वर्षांची बदनामी त्या एका वाक्यात घातली होती. आधी तुमचा प्रश्न विचारायचा आणि लगेच ते वाक्य टाकायचं, असं ठरवलं होतं. मी विचारलं, "आजी, हातावर काही ठेवलं होतं का?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "न्हाई. ह्या बारीला न्हाई ठिवलं."

घोकलेलं वाक्य मी टाकलंच नाही.

"त्यानंच गेली नव्हं ती?" त्यांनी विचारलं. "दह्यानं?"

मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. तोंडातून आलं ते असं: "हो आजी. दही श्वासाच्या नळीत गेलं. पण चूक माझी. मी सुनेला विचारलं आणि मोकळी झाले. तुम्हाला विचारलंच नाही. विचारायचं काम माझं होतं."

मावशी, दया आली म्हणून मी हे बोलले असं समजू नका. बोलता बोलताच मला कळलं की खरं हेच आहे. खरं सांगायचं, खरं सांगायचं म्हणून मी पाच वर्षं तुमच्याशी भांडले, आणि त्यातलं निम्मं खरं मी स्वतःपासूनच लपवून बसले होते.

गयाआजींनी विचारलं, "मावशीला ठावं व्हतं, दह्यानं गेली ते?"

"होतं."

"मला म्हणली, काळीज कमजोर व्हतं म्हून. मी बी मान हलिवली. तिला वाटलं म्हातारीला पटलं. लई भली बाई व्हती. पर त्यापायी मला कुणाला बोलता बी आलं न्हाई. पाच सालं झाली. दह्याची वाटी हातात घेतली की तशीच खाली ठिवते."

तुम्हाला हे ऐकवायची माझी इच्छा नव्हती, पण तुमच्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवून बसलेय. त्या म्हातारीला आपण दोघींनी एकटं टाकलं. तुम्ही मायेनं टाकलंत, मी रागानं.

गयाआजी उठल्या. "आता सुनंला सांगते," म्हणाल्या.

आणि मावशी, मी त्यांचा हात धरला. मी! "राहू द्या आजी. आता कशाला? जिमी काय परत येणार आहे?" माझ्या तोंडून तुमचे शब्द ऐकून मीच दचकले. त्यांनी माझा हात हळूच सोडवला. "न्हाई बाई. लई दिस झाले," म्हणाल्या, आणि बाहेर गेल्या.

खिडकीतून दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. गयाआजी उभ्यानंच बोलत होत्या. शीतल ऐकता ऐकता बाकावरून उठली, फाटकापर्यंत गेली आणि रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली. गयाआजी तिथंच उन्हात थांबल्या. मला बाहेर जावंसं वाटलं, पण काय बोलणार होते? मी गोट्याला टेबलावर घेतलं. मदतीला कुणी नव्हतं, म्हणून भूल, टाके, श्वास सगळं एकटीनंच बघितलं. बाहेर काय चाललंय ते बघायला मान वर करायचीही सोय नव्हती. तुमचा राग आला तेव्हा. एवढ्या कामात मला टाकून गेलात म्हणून फार राग आला.

गोट्या नीट शुद्धीवर आला. पहिल्यांदा शेपटीचं टोक हललं, मग मान उचलली. मी त्याचं नाव घेत होते, माझा आवाज तुमच्यासारखा लागत नाही, तरी त्यानं ऐकलं.

बाहेर आले तर दोघी बाकावर बसल्या होत्या. मधे एक माणूस बसेल एवढी जागा होती. शीतलचे डोळे सुजले होते. ऑपरेशन चांगलं झालं, मी म्हटलं. शीतलनं मान हलवली. मग ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "म्याडम, हितं जवळ चहा कुठं भेटंल? आत्याबाईनं काल रातीपासून काही खाल्लं न्हाई. गोट्याला उपाशी ठिवायचं व्हतं म्हून ह्या बी उपाशीच हायत. पाणी बी न्हाई पेल्या."

मी म्हटलं, मीच करते. आत येऊन गॅसवर पातेलं ठेवलं, आणि साखर घालायच्या आधीच मला रडू कोसळलं. तेवीस दिवसांत पहिल्यांदा. पातेल्यासमोर उभी राहून मी मोठ्यानं म्हणाले, "मावशी, मी बराबर विचारलं नव्हतं." बाहेर शीतल आजींना काहीतरी सांगत होती, आणि आजी व्हय, व्हय म्हणत होत्या.